पांढऱ्या चौकोनाखाली

कर्जतला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दहाव्या-तेराव्याच्या पत्रिका, असली कामं. मी मुळात बोलका माणूस नाही. गिऱ्हाईक बोलतं, मी टाइप करतो. ही गोष्ट तर मी बायकोलाही बऱ्याच उशिरा सांगितली. ज्यांना सांगायलाच हवी होती त्यांना आता सांगून झाली आहे, म्हणून लिहितो.

आधी आमच्या कामाची रीत सांगायला हवी. एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं आणि जुना कॉम्प्युटर गेला. त्यातल्या डिझाइनच्या मूळ फाइली गेल्या. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ तेवढ्या उरल्या. तेव्हापासून मी नवी पत्रिका कोऱ्या पानावरून करणंच सोडलं. कुणाची तरी जुनी पीडीएफ उघडायची, जुन्या नावांवर पांढरा चौकोन ठेवायचा, चौकोनावर नवी नावं टाइप करायची. बॉर्डर तीच, गणपती तोच, मांडणी तीच. छापून स्वच्छ येते. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात आणि कुणी कुणाला सांगत नाही.

माझ्याकडची सगळ्यात नेटकी पत्रिका माझ्या थोरल्या भाच्याची होती. माझी मोठी बहीण कशेळ्याच्या पुढे एका गावात दिलेली आहे. दाजी लवकर गेले. तिला दोन मुलगे. थोरला रसायनीला कंपनीत होता. त्याच्या लग्नाची पत्रिका करताना तो माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि माझ्या जुन्या फॉन्टला नाव ठेवत राहिला. "मामा, युनिकोडमधे करा. तुमच्या फॉन्टमधलं फोनला वाचता येत नाय. आईला कसं कळणार?"

ताईची नजर साखरेने गेली आहे. उजेड कळतो, माणूस कळत नाही. तिला हा फोन त्यानेच शिकवला होता. कुठे बोट ठेवायचं, आलेला निरोप कसा वाचून घ्यायचा. फोनमधल्या बाईचा आवाज हळू बोलेल असा त्यानेच लावून दिला होता. म्हणून ती पत्रिका मी कोऱ्या पानावरून, युनिकोडमधे केली. माझ्या दुकानातली तशी ती पहिलीच.

पत्रिका छापून झाल्या, चारी कोपऱ्यांना हळद लागली, आणि खालापूरकडच्या पाहुण्यांना वाटून परत येताना चौक गावाच्या अलीकडे त्याला ट्रकने उडवलं. लग्न व्हायचं होतं त्या मांडवाच्या जागेत दहावं झालं. ताईला ती पत्रिका कुणी ऐकवलीच नाही. ऐकवायला वेळ कुठे होता.

पुढच्या हंगामात दुसऱ्या एका घरची पत्रिका आली आणि मी ती फाइल उघडली. हात आपोआप गेला असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं नाही. मला कळत होतं. मी थांबलो, मांडणी बघितली, आणि मनात म्हटलं, कुणाला दिसणार आहे? पांढरा चौकोन ठेवला. ती पत्रिका लोकांना आवडली. मग त्याच मूळ फाइलवरून पुढची, आणखी पुढची.

त्यातली एक त्या मुलीची होती. माझ्या भाच्याशी जिचं ठरलं होतं, तिचं. तिच्या वडिलांना दुसरा डीटीपीवाला माहीत नव्हता, आणि मलाही नको म्हणता आलं नाही. त्या पत्रिकेला मला निम्मंच काम पडलं. वधूकडची बाजू तशीच राहिली. मी फक्त वराकडच्या बाजूवर चौकोन ठेवला.

ती पत्रिका भावकीच्या ग्रुपवर फिरत ताईच्या फोनवर आली.

त्यानंतर एकदा मी कशेळ्याहून जीपने तिच्याकडे गेलो. भात कापून झालेलं, खळ्यावर झोडणी चाललेली, घरात ताई एकटी. ओटीवर पाय पसरून, फोन कानाशी धरून बसली होती. आतून बाईचा सपाट आवाज येत होता. माझी चाहूल लागली तशी तिने तो बंद केला.

"ये रं. बस. त्याचंच चाललं व्हतं."

"कुणाचं?"

"तुझ्या भाच्याचं. त्या पोरीची पत्रिका आली ना, त्याच्यात आधी याचं नाव आलं. मग दुसऱ्याचं."

"ताई, असं कसं येईल? पत्रिका मीच केली आहे."

"मंग तूच सांग. नवरदेव म्हणून आधी त्यालाच पुकारला. मी तीनदा ऐकलं."

"तुला तसं वाटलं असेल गं."

"वाटायला माजं डोळं गेलंत, कान नाय."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला खरंच काही ठाऊक नव्हतं. ऐकून बघावं, एवढंही सुचलं नाही. पत्रिका म्हणजे डोळ्यांनी बघायची वस्तू, आणि डोळ्यांना तिथे काही नव्हतं.

मग दुसऱ्या लग्नाच्या पत्रिकेत तो आला. मग तिसऱ्या. गाव वेगळं, घर वेगळं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी माझा भाचा नवरदेव. ताई घाबरली नाही. तिला ते आवडायला लागलं. ग्रुपवर काही वाजलं की हातातलं काम टाकून ती फोन कानाला लावायची. धाकटा भाचा कंपनीतून आला की त्याला सांगायची, "आज नेरळच्या लग्नाला गेला व्हता तुजा भाऊ." तो बिचारा पत्रिका उघडायचा, डोळ्यांनी वाचायचा आणि फोन तिच्या हातात परत द्यायचा. मला त्याने फोन केला, "मामा, आईचं काय खरं नाय." पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. ताई दुपारभर झोपायला लागली. कुणीतरी सुचवलं म्हणून अंगाराही लावला. धाकट्याने तिच्या फोनमधल्या सगळ्या जुन्या पत्रिका पुसून टाकल्या.

हे चालू असतानाच मी पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला लागलो. हौस नव्हती, गरज होती. आता लोकांना प्रत्येक पाहुण्याचं नाव घातलेली पत्रिका फोनवर पाठवायची असते. अमुक अमुक सपरिवार, असं प्रत्येकाला वेगळं. हाताने करता करता बोटं दुखायची. एका व्हिडिओत बघितलं की पायथनमधे पीडीएफसाठी तयार प्रोग्रामचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात, ती घेतली की हे काम कॉम्प्युटर आपलं आपण करतो.

पन्नाशीच्या माणसाने नवीन काही शिकायचं म्हणजे वेळ लागतो. लायब्ररी बसवायला एक ओळ पुरते, पण ती ओळ कुठे लिहायची हे कळायलाच माझा दिवस गेला. मग फाइल सापडेना. नावात मोकळी जागा होती, आणि मी अवतरणचिन्हं विसरलो होतो. मग ओळीच्या आधी जागा कमी पडली म्हणून पुन्हा चूक दाखवणारी लाल अक्षरं. तरी हळूहळू जमलं. फाइल उघडायची, पानं किती ते विचारायचं, त्यातलं एक पान मागायचं, आणि त्यावरचा मजकूर काढून पडद्यावर छापायचा. यातलं पहिलं पान एक नंबरचं नसतं. मोजणी शून्यापासून. पत्रिकेला पान एकच, म्हणजे मी मागत होतो ते शून्य नंबरचं पान.

सरावासाठी मी हाताशी होती ती नेरळची पत्रिका घेतली. दुपारची वेळ, बाहेर झेरॉक्सला दोन माणसं उभी. मी बटण दाबलं.

मराठी मजकूर असा काढला की पुष्कळदा मोडून येतो. वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात, जोडाक्षरं उसवतात, आडनावांची ओळख राहत नाही. तसाच तो आला, अर्धा मेल्यासारखा. पण वरच्या ओळीत एक नाव अख्खं होतं. त्याला काना-मात्रा-वेलांटी काहीच नाही, नुसती उभी अक्षरं, म्हणून त्यात मोडायला काही नव्हतं. चिरंजीव, आणि पुढे माझ्या भाच्याचं नाव. त्याच्या पुष्कळ खाली नेरळचा नवरदेव.

मी पत्रिका उघडून बघितली. नेरळचीच होती, स्वच्छ. मग माउस धरून नावाच्या जागेवरून ओढत नेला, मजकूर निवडताना ओढतो तसा. पांढऱ्यावर निळा पट्टा उमटला. आधी नव्या नावाएवढा, आणि मग त्याच्याही पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथे, जुन्या नावाच्या लांबीचा. माउस सोडला की पट्टा जायचा, पुन्हा ओढला की यायचा. अंथरुणावर कुणी झोपून उठावं आणि चादरीवर त्याची जागा राहावी, तसं ते दिसत होतं.

चौकोनाने काही पुसलं नव्हतं. झाकलं होतं. डोळ्यांना वरचं दिसतं. लायब्ररीला, आणि फोनमधल्या त्या बाईलाही, चौकोन दिसतच नाही. त्या दोघी आधी लिहिलेलं आधी वाचतात, मागून लिहिलेलं मागून.

मग मी तोच प्रोग्राम सगळ्या फोल्डरवरून फिरवला. एकेक पत्रिका उघडत होती, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर तेच नाव. पडदा वर सरकत होता आणि नाव जागच्या जागी राहिल्यासारखं वाटत होतं. त्या मुलीच्या पत्रिकेपाशी मी तो थांबवला. तिथे दोघांची नावं होती, त्याचं आणि तिचं, जशी मी पहिल्यांदा टाइप केली होती तशी.

"काय शेठ, भूत बघितलं काय?" झेरॉक्सला आलेला एक माणूस म्हणाला. "किती वेळ उभा हाय मी."

मी त्याची झेरॉक्स काढून दिली.

त्याच संध्याकाळी मी ताईला फोन करायला हवा होता. नाही केला. खरं कारण लिहितो. लग्नाच्या पत्रिकेची पहिली प्रत देवापुढे ठेवतात. ती अशुभ होऊ नये म्हणून लोक माझ्याकडून शाईचा रंगसुद्धा तपासून घेतात. आणि मी इतक्या घरांच्या देवापुढे मेलेला नवरदेव ठेवून आलो होतो. हे बाहेर गेलं तर कर्जत-खालापुरात माझ्याकडे लग्नाचं काम कोण देणार? याची भीती मला बहिणीपेक्षा मोठी वाटली.

मी वेगळंच केलं. त्या लायब्ररीच्या जोडीला आणखी एक घेऊन मी प्रत्येक नव्या पत्रिकेचं पान चित्र करून पाठवायला लागलो. चित्रात अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो. खालचं नाव गेलं. सोबत वरची नावंही गेली, पण ती डोळसांना दिसतात. माझ्या हिशेबी प्रश्न मिटला.

ताईच्या फोनला आता पत्रिकेत काही सापडेना. बोट ठेवलं की बाई म्हणायची, "पान एक." आणि गप्प.

घरच्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. धाकटा खुशीत मला म्हणाला, "मामा, महिना झाला, आई त्याचं नाव काढत नाय." मी म्हटलं, "बरं झालं." माझ्या तोंडून ते सहज आलं.

ताईलाही तेच वाटलं होतं, गोळ्यांनी तो गेला. म्हणून तिने गोळ्या बंद केल्या. मग इन्सुलिन बंद केलं. मग भाताशिवाय काही खाईना. सून, धाकट्याची बायको, इंजेक्शन घेऊन आली की ताई हात पदराखाली घ्यायची. "तुमच्या औषधानं त्याची वाट बंद केली. मी घेणार नाय." पायाला एक जखम झाली होती, ती चिघळली. धाकट्याचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी तो रडत होता. "डॉक्टर म्हणतो, अशीच राहिली तर पाय जाईल. नायतर आईच जाईल."

मी दुकान बंद केलं आणि लॅपटॉप घेऊन निघालो.

तिघांना एकत्र बसवलं. ताई, धाकटा, सून. लॅपटॉप उघडला, पण तो कुणाला दाखवणार होतो? मग मी जुनी नेरळची पत्रिका ताईच्या फोनवर पाठवली आणि मोठ्या आवाजात लावली. बाईने वाचायला सुरुवात केली. चिरंजीव, आणि त्याचं नाव. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

सून हळू आवाजात म्हणाली, "मी ऐकलं व्हतं मामा. आईंनी एकदा माज्या कानाला लावला व्हता. मला दिवस गेलेलं, मी घाबरले. नाय ऐकलं म्हणून सांगितलं."

मग मी सगळं सांगितलं. चौकोन, खालची अक्षरं, कोणती फाइल, का वापरली, कधी कळलं, आणि कळल्यावर काय केलं. ताईचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळलेला होता.

"म्हंजे तो नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"आन मी येडी नव्हते."

"नव्हतीस, ताई."

तिने बोटांनी साडीचा काठ चाचपला. धाकटा तिच्या पायाला हात लावायला गेला तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"तुला ठाव व्हतं," ती मला म्हणाली. "मला गोळ्या घालून झोपवत व्हते, तवा तुला ठाव व्हतं."

"हो."

"किती घरांच्या पत्रिकेखाली हाय तो?"

मी सांगितलं.

"माजा पोर उन्हातान्हात दुसऱ्यांच्या मांडवाखाली दडवून बसवलास तू. त्यांच्या पोरींनी काय केलं व्हतं? जा. घरोघर जाऊन सांग. चांगल्या पत्रिका करून दे. मंग ये. औषधाचं तवा बघू."

"ताई, इंजेक्शन तरी आत्ता घे."

"तवा बघू म्हटलं ना."

मी दुसऱ्या दिवशी उजाडताच मोटरसायकल काढली. रात्री बसून प्रत्येक घरासाठी कोऱ्या पानावर नवी पत्रिका केली होती, आणि प्रत्येकीतून मजकूर काढून बघितला होता. जेवढं दिसतं तेवढंच येत होतं.

नेरळचे गृहस्थ आधी हसले. "म्हंजे आमी नव्याचे पैसे दिले आन तुमी सेकंडहँड माल लावला." मग त्यांना समजलं कुणाचं नाव ते, आणि हसणं थांबलं. त्यांची बायको आत गेली, देव्हाऱ्यातली पत्रिका आणून पायरीच्या बाहेर ठेवली आणि हात धुतले. माझ्याकडची नवी पत्रिका तिने घेतली नाही. एका घरी म्हाताऱ्याने एवढंच म्हटलं, "आता आमच्या पोरीचं काय बी झालं तर आमाला हेच आठवणार." एका घराने चहा दिला. दोन घरांनी पुढचं काम काढून घेतलं.

सगळ्यात शेवटी त्या मुलीकडे गेलो. खालापूर तालुक्यात, चौकच्या आत, संध्याकाळची वेळ. रसायनीकडून वारा होता, त्या बाजूच्या कारखान्यांचा वास येत होता. ती कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली. घरात बाकी कुणी नव्हतं. मी सांगितलं.

"माझं नाव तुम्ही पुन्हा टाइप केलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही. तेच राहू दिलं."

"म्हणजे त्याच्याशेजारचंच."

"हो."

ती माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिली, इतका वेळ की मीही मागे वळून बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "माझ्या सासरी काही बोलू नका," ती म्हणाली. "मी ऐकलं, तेवढं पुरे." नवी पत्रिका तिने घेतली आणि घडी करून पोराच्या दुपट्यात ठेवली. मी सासरी बोललो नाही. हे लिहू का, तेही नंतर तिला विचारलं. नाव नको, म्हणाली.

तिथून मी सरळ ताईकडे गेलो. ती ओटीवरच होती, मला वाटतं सकाळपासून. पायाला धाकट्याने पट्टी बांधली होती. मी घराघराचं सांगितलं, कोण काय म्हणालं ते, शिव्यांसकट. त्या मुलीचंही. तिथे ताईने मान हलवली.

"आता त्याची लाव," ती म्हणाली.

"कोणती?"

"त्याची सोताची. मला कुटं कुणी ऐकवली?"

मी त्याची पत्रिका तिच्या फोनवर पाठवली. हळद लागून वाटली गेली होती, तीच. तिने फोन कानाशी धरला. बाई हळू वाचत गेली, त्याने लावून दिलेल्या वेगाने. कुलदैवताचं नाव. चिरंजीव, आणि तो. त्या मुलीचं नाव. लग्नाची वेळ. मांडवाची जागा, म्हणजे आमच्या समोरचंच अंगण. निमंत्रकांत ताईचं नाव. मामा म्हणून माझं. शेवटी लहान पोरांची ओळ, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. आणि बाई थांबली.

ताईने फोन कानाचा काढला नाही.

"आता खालचं," ती म्हणाली.

"याच्या खाली काही नाही, ताई. ही पहिलीच होती."

"थांब जरा."

आम्ही थांबलो. अंगणात अंधारत आलं होतं. फोन गप्प होता. सून आतून इंजेक्शन घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उंबऱ्यात उभी राहिली. ताईला तिची चाहूल लागली असावी. एका हाताने फोन तसाच कानाशी दाबून धरून तिने दुसऱ्या हाताने त्याच दंडावरची बाही वर सरकवली.